अलीकडचा फोटो

“अलीकडचा फोटो आहे का एखादा?” हवालदार खराड्यांनी विचारलं.

काकू उठून आत गेल्या आणि एक तसबीर पदरानं पुसत बाहेर घेऊन आल्या. तसबिरीत तिशीतले अण्णा होते. अंगात कोट, डोक्यावर दाट काळे केस, ओठांवर टोकदार मिशी. शेजारच्या खुर्चीत काकू, नव्या नवरीसारख्या अंग चोरून बसलेल्या.

“काकू, हा कधीचा?”

“लग्नानंतरचा. बासष्ट सालचा.”

“आणि आता कसे दिसतात?”

“आता टक्कल आहे. मिशी नाही. दाढीची पांढरी खुंटं. अंगात पांढरा सदरा, धोतर.”

खराड्यांनी वहीत लिहिता लिहिता पेन थांबवलं. “असे म्हातारे सांगली जिल्ह्यात प्रत्येक पारावर बसलेत, काकू. वायरलेसवर काय सांगू? पोरीच्या लग्नातला नाही का, नातवाच्या बारशातला?”

काकूंनी नकारार्थी मान हलवली. “सगळे फोटो त्यांनीच काढलेले. मग त्यांत ते कसे असतील?”

तीस वर्षं तासगावच्या आसपासच्या खेड्यांतली लग्नं ज्यांनी कॅमेऱ्यात धरली, त्या अण्णांचा, भूपाल आरवाड्यांचा, त्यांच्या स्वतःच्या घरात अलीकडचा एकही फोटो नव्हता. सकाळी सहाला ते बस्तीत म्हणून घराबाहेर पडले होते. बस्ती म्हणजे आमच्याकडचं जैन मंदिर, घरापासून दोनशे पावलांवर. तिथं ते पोचलेच नव्हते. आता अकरा वाजले होते.

“माझ्याकडे आहे,” मी म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे असेल. कॅमेऱ्यात आहे. रोल अजून धुतलेला नाही.”

“मग धुवा की,” खराडे म्हणाले. “पाचला आमचा माणूस सांगलीला निघतोय. पेपरात दिला तर उद्या सकाळी छापून येईल. पाचच्या आत द्या बाई.”

ही मार्च एक्याण्णवमधली गोष्ट. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, कन्याशाळेत चित्रकला शिकवत होते. भावानं वापरलेला एक जपानी कॅमेरा मला दिला होता. दोन वर्षं मी त्यानं सगळ्यांसारखेच फोटो काढले. कुणाचं डोकं कापलेलं, कुणाच्या कानातून विजेचा खांब उगवलेला. एक दिवस सासूबाई बस्तीतून आल्या आणि म्हणाल्या, “उज्ज्वला, आरवाडेकाकू म्हणत होत्या, एवढी आवड आहे तर अण्णांकडे शिकायला का येत नाहीस?”

मला धडकीच भरली. अण्णांचा स्टुडिओ बंद होऊन पाच वर्षं झाली होती, पण त्यांचा दरारा गावात तसाच होता. तरी गेले. त्यांनी माझे छत्तीस फोटो पत्त्यांसारखे टेबलावर मांडले.

“किती वेळात काढलेस?”

“एका दुपारी.”

“आणि बघितलंस कधी?”

मी टेबलावरच्या फोटोंवर वाकले.

“आजपासून दिवसाला एकच फोटो,” अण्णा म्हणाले. “संध्याकाळी साडेपाचला इथं यायचं. त्या कट्ट्यावर तांब्याची घागर आहे, तिचाच काढायचा. छत्तीस दिवसांनी रोल धुवू.”

पहिले दहा दिवस मला ती घागर डोळ्यांसमोर नको झाली. त्यापेक्षा मी अण्णांच्या प्रश्नाला जास्त घाबरायचे. फोटो काढून झाला की ते विचारायचे, “कालच्यात आणि आजच्यात काय फरक?” घागर तीच, कट्टा तोच. बोटानं टेबलावर टकटक करत ते थांबायचे. अकराव्या की बाराव्या दिवशी मी चाचरत म्हणाले, “शेजारच्यांनी बेदाण्याच्या शेडची भिंत चुन्यानं रंगवलीय. तिचा उजेड घागरीच्या पोटावर पडलाय.” टकटक थांबली. “उद्या ये,” एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी मी घरी जवळजवळ पळतच गेले.

छत्तिसाव्या दिवशी त्यांनी रोल धुतला. मागच्या अंगणातल्या त्यांच्या डार्करूममधून ते पट्टी घेऊन बाहेर आले तेव्हा ती काचेसारखी लख्ख पारदर्शक होती. एकही घागर नाही. काहीच नाही.

“रोल नीट लावलाच नव्हतास,” ते म्हणाले. “आत सरकलाच नाही.”

“माझंच चुकलं असेल,” मी म्हणाले.

पण मी रोल नीट लावला होता. रोल आत सरकला की डावीकडची कळ फिरते, ती प्रत्येक फोटोनंतर फिरताना मी डोळ्यांनी पाहिली होती. पुढच्या आठवड्यात सांगलीला गेले तेव्हा लॅबमधल्या माणसाला ती पट्टी दाखवली. त्यानं ती उजेडात धरली.

“बाई, रोल फिरला नसता तरी कडेला कंपनीचे आकडे उमटले असते. तेसुद्धा नाहीत. हा रोल डेव्हलपरच्या आधी हायपोत गेलाय.”

डेव्हलपर चित्र उमटवतो, हायपो ते पक्कं करतो. आधी हायपो ओतला तर सगळं धुऊन जातं. शाळकरी पोराला सांगितलं तरी कळेल अशी गोष्ट, आणि अण्णांनी ती आयुष्यात हजारो वेळा केलेली.

मी कुणाला काही बोलले नाही. दुसरा रोल लावला, पुन्हा रोज साडेपाचला जाऊ लागले. मग मला बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. सदऱ्याची बटणं एक घर चुकलेली. “कालच्यात आणि आजच्यात काय फरक?” हे पाच मिनिटांत दोनदा विचारलेलं. एकदा त्यांनी मला ‘सुलोचना’ म्हणून हाक मारली, त्यांच्या बहिणीच्या नावानं. मी ओ दिली. अण्णांना चूक दाखवणारी मी कोण, असं मनाला समजावत राहिले. खरं कारण निराळं होतं. मला फोटो जमायला लागले होते, आणि बोलले तर शिकवणी बंद पडेल ही भीती होती.

तेविसाव्या दिवशी अण्णा पायरीवर बसून शेंगा सोलत होते. सोलता सोलता हात थांबला. चुन्याच्या भिंतीवरून आलेला उजेड त्यांच्या गालावर होता. ते समोर बघत होते, रस्त्याकडे, जणू तिथं कुणीतरी येणार आहे आणि कोण ते आठवत नाही. मी घागरीवरून कॅमेरा वळवला, श्वास सोडला आणि कळ दाबली.

“घागरीचा काढलास?” त्यांनी न वळता विचारलं.

“हो, अण्णा.”

तो फोटो आता माझ्या कॅमेऱ्यात होता. गावातले दोन्ही स्टुडिओ रंगीतवाले झाले होते, काळ्या-पांढऱ्याचे रोल तेही सांगलीला पाठवायचे. आणि तो रविवार होता, लॅब बंद. पहिल्या महिन्यात त्यांचे जुने पडून असलेले रोल धुताना आणि कॉप्या काढताना मी अण्णांना सात-आठ वेळा पाहिलं होतं. स्वतः एकदाही धुतला नव्हता.

“जमेल का गं तुला?” काकूंनी डार्करूमच्या दारात विचारलं.

“माहीत नाही, काकू.”

आधी अंधार करून रोल डब्यातून काढायचा, टोकाची जीभ कात्रीनं कापायची आणि उरलेली पट्टी एका चकतीत फिरवत फिरवत टाकीत घालायची. अण्णा हे बोलता बोलता करायचे. माझी पट्टी दोनदा अडकली. अंधारात मला माझाच श्वास ऐकू येत होता. तिसऱ्यांदा ती अडकली तेव्हा वाटलं, ओढावी जोरात. मग हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले. गळ्यावरून घाम ओघळत होता, पट्टीवर पडू नये म्हणून मान मागे टाकली. नंतर ती आपसूक सरकल्यासारखी सरकली. उजेड आत न सोडणारं टाकीचं झाकण लावलं आणि काकूंना सांगितलं, “दार उघडा.”

उजेड आला. फळीवर दोन तपकिरी बाटल्या होत्या. दोन्हींच्या गळ्याला अण्णांच्या वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधलेल्या. एकीवर ‘डेव्हलपर’, एकीवर ‘हायपो’.

मी डेव्हलपरची बाटली उचलली, बूच काढलं आणि तशीच थांबले.

“काय झालं?” काकू म्हणाल्या.

मी दोन्ही बाटल्यांचा वास घेतला. खोलीभर औषधांचा असा वास मुरलेला होता की काहीच कळेना. रंग दोन्हींचा पाण्यासारखा. माझ्या हातात अण्णांचा अलीकडचा एकुलता एक फोटो होता, आणि त्या चिठ्ठीवर माझा विश्वास नव्हता.

“उज्ज्वला, अगं, साडेबारा वाजून गेले.”

“थांबा, काकू. जरा थांबा.”

टेबलावर कापलेली जीभ पडली होती. हायपोत अजून दम आहे का, हे बघायला अण्णा असाच तुकडा त्यात टाकायचे आणि तो स्वच्छ व्हायची वाट बघायचे. मी जीभ मधोमध कापली. दोन वाट्या मागितल्या. एकीत या बाटलीतलं थोडं, दुसरीत त्या बाटलीतलं. दोन्हींत एकेक तुकडा टाकला. डेव्हलपरमधला तुकडा काळा पडायला हवा होता, हायपोतला पारदर्शक व्हायला हवा होता.

काकू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. मिनिटभर काहीच झालं नाही. मग ‘हायपो’च्या वाटीतला तुकडा हळूहळू काळवंडला. ‘डेव्हलपर’च्या वाटीतला पांढुरका होत होत स्वच्छ झाला. वाटीच्या तळाची नक्षी त्यातून दिसायला लागली.

“याचा अर्थ काय?”

“बाटल्या उलट्या आहेत.” मी स्टुलावर बसले. “अण्णांनी भरताना उलट्या भरल्यात. चिठ्ठी वाचून ओतलं असतं तर सगळं गेलं असतं.”

काकू बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बघत होत्या.

“मला माहीत होतं, काकू. महिना झाला. माझा पहिला रोल असाच गेला. मी बोलले नाही. बोलले असते तर आज तुम्ही त्यांना एकटं सोडलं नसतं.”

काकूंनी वाटी उचलून मोरीत ओतली. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “मला दीड वर्षं माहीत आहे.”

मी स्टुलावरून उठले.

“घरात नुसते बसून असायचे. भिंतीकडे बघत. वाटलं, कुणी शिकायला आलं, मान देणारं, तर डोकं ताळ्यावर राहील. म्हणून तुझ्या सासूला मीच म्हटलं. तुझी आवड हे निमित्त होतं गं.” त्या वळल्या. “त्यांनी विसरायचं आणि मी सावरून घ्यायचं. ते विचारायचे, मी म्हणायचे, कुठं काय झालंय तुम्हाला. धीर द्यायला. आता ते बोलायला वेळ नाही. तू धू.”

औषध थंड लागतं आणि पाणी तापलेलं होतं, मार्चातल्या तासगावात ते तापायचंच. काकूंनी माठ उचलून आणला. टाकी परातीत ठेवून तिच्याभोवती माठातलं पाणी ओतत राहिल्या. ‘हायपो’ची चिठ्ठी असलेल्या बाटलीतला डेव्हलपर मी झाकणाच्या भोकातून ओतला होता आणि घड्याळ बघत दर अर्ध्या मिनिटाला टाकी उलटीसुलटी करत होते. सात मिनिटं. मग साधं पाणी. मग हायपो. झाकण उघडायच्या आधी मी डोळे मिटले. काकू म्हणाल्या, “उघड, उघड. जे असेल ते असेल.”

पट्टीवर ओळीनं घागरी होत्या. काळ्यावर पांढऱ्या, पांढऱ्यावर काळ्या, एकेका दिवसाची एकेक. आणि मध्ये एक माणूस.

पट्टी वाळायला टांगली, काकूंनी तिला विंझण्यानं वारा घातला. कॉपी काढायला अडीच वाजले. लाल दिव्याखाली ट्रेमधल्या कागदावर आधी सदऱ्याच्या चुण्या आल्या, मग शेंगांची टोपली, मग चेहरा. फोकस किंचित मागे, कानाच्या पाळीवर गेला होता. पण अण्णा अण्णाच होते, कुणीही ओळखलं असतं.

मी आणखी वाकले. त्या डोळ्यांत भीती होती. साधी, उघडी भीती. गर्दीत हात सुटलेल्या पोराच्या डोळ्यांत असते तशी. मी तेव्हा दोन हात अंतरावर उभी होते, आणि मला नुसता उजेड दिसला होता.

“हे असेच बघतात,” काकू हळूच म्हणाल्या. “मी पाठ फिरवली की. मला वाटायचं, फक्त मलाच दिसतं.”

चारला आठ कॉप्या तयार होत्या. एक खराड्यांना दिली. उरलेल्या घेऊन माझे यजमान आणि गल्लीतले तिघे-चौघे मोटारसायकलींवर निघाले, कवठे, विटा, सांगली, मिरज. त्या रात्री मी काकूंकडेच राहिले. दोघींपैकी कुणीही पाठ टेकली नाही. फाटकाचा जरा आवाज झाला की दोघी एकदम उठायचो.

सकाळी पेपरात फोटो आला. दहा वाजता खराड्यांचा निरोप आला. मिरजेच्या एका मोठ्या, रविवारीही उघड्या असलेल्या दवाखान्यातल्या नाव नोंदवायच्या खिडकीवरच्या बाईंनी फोटो ओळखला होता. हे आजोबा काल नंबर लावून बाकावर बसले होते, म्हणाल्या. नाव विचारल्यावर उठून गेले. पुढचं शोधायला वेळ लागला नाही. मिरजेतल्याच एका बस्तीच्या धर्मशाळेत ते सापडले, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेले. पुजाऱ्यानं रात्री जेवू घातलं होतं.

दुपारी जीपमधून उतरले तेव्हा चप्पल एकाच पायात होती. काकूंनी त्यांचे पाय धुतले. ते काकूंना ओळखत होते, मला ओळखत होते. झोपले, उठले. संध्याकाळी पलंगावर बसून त्यांनी पेपर मागितला आणि स्वतःचा फोटो कितीतरी वेळ बघितला.

“हा घागरीचा फोटो आहे होय?” ते म्हणाले.

मी मान खाली घातली. “चुकलं, अण्णा. न विचारता काढला.”

“धुतला कुणी?”

“मी.”

“डेव्हलपर कुठल्या बाटलीतला घेतलास?”

काकू स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून नाही-नाही अशी मान हलवली. अण्णांची पाठ त्यांच्याकडे होती. खोटं बोलणं सोपं होतं. जीभ त्या वाटेला लागलेलीच होती.

“हायपोच्या,” मी म्हणाले. “बाटल्या उलट्या भरल्या होत्या.”

“कुणी?”

“तुम्ही.”

दारात कप बशीवर किणकिणला.

“आणि तुझा पहिला रोल?”

“तोही तुमच्या हातून गेला. मी नीट लावला होता.”

अण्णांनी पेपर मांडीवर ठेवला. मला वाटलं, संपलं. आता हे म्हणतील, पुन्हा या घरात येऊ नकोस. मी उठायच्या बेतात होते, तेव्हा त्यांचे खांदे एकदम खाली आले, डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखे.

“तेव्हाच मला शंका आली होती,” ते म्हणाले. “तुझ्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, ही आता म्हणेल. तू म्हणालीस, माझंच चुकलं असेल. हिला विचारलं, माझं काही बिघडतंय का गं. ही म्हणाली, कुठं काय. पोराला, महावीरला, फोनवर विचारलं, तो म्हणाला, अण्णा, वय झालं की होतंच. मला दिसत होतं की काहीतरी निसटतंय, आणि तुम्ही सगळे म्हणत होता, सगळं जागेवर आहे. मग वेड कुणाला लागलं? मलाच ना?”

“अण्णा...”

“म्हणून मिरजेला गेलो. म्हटलं, दवाखान्यातला माणूस आपला कोण लागत नाही, तो खरं सांगेल. नंबर आला. बाईंनी विचारलं, नाव काय, आजोबा.” त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. “नाव आठवेना गं. लाज वाटली. उठलो.”

शेजारच्या शेडमधून बेदाण्याचा आंबूस-गोड वास येत होता.

काकू पुढे आल्या. चहा त्यांनी अण्णांच्या हातात दिला आणि पलंगावर न बसता समोर जमिनीवरच बसल्या.

“गेल्या गुरुवारी तुम्ही आमटीत दोनदा मीठ घातलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी वाटीत पाणी घालून खाल्ली. बोलले नाही.”

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. “आणखी?”

“दिवाळीत महावीरच्या धाकटीचं नाव तुम्हाला येत नव्हतं. मी तुमच्या मागून तिला हाक मारली, तुम्हाला कळावं म्हणून.”

“आणखी?”

मी कॅमेऱ्याची पिशवी उचलली आणि आवाज न करता बाहेर आले. पायरीवर बसून चपला घालत होते. आतून काकूंचं रडू ऐकू येत होतं, आणि त्या रडण्यावरून अण्णांचा आवाज, किती दिवसांनी इतका शांत.

“सावकाश सांग. पण सगळं सांग.”